पेशंट टाइट आहे

ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलावरच्या माणसाच्या छातीपाशी एक हिरवं कापड आडवं बांधलेलं असतं. कापडाच्या पलीकडे सर्जन आणि पोट, अलीकडे भूलतज्ज्ञ आणि डोकं. पलीकडच्याला वाटतं, काम काय ते आपलंच, अलीकडची बाई नुसती स्टुलावर बसून मशीनची टिकटिक ऐकतेय. वाटू दे बापडं. या गोष्टीतली भूलतज्ज्ञ त्या स्टुलावर इतकी वर्षं बसली होती की सर्जनचा चेहरा न बघता, नुसत्या त्याच्या खांद्यांवरून, आत काय चाललंय ते तिला कळायचं.

तिचे सर्जन म्हणजे गावाचे लाडके. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचे. हर्निया असो, अपेंडिक्स असो, पित्ताशयातले खडे असोत, सरांच्या हाताला यश आहे असं गाव म्हणायचं आणि गावाचं काही चुकत नव्हतं. भूलतज्ज्ञाच्या नवऱ्याचं अपेंडिक्स पोटात फुटलं होतं तेव्हा सरांनीच त्याला ओढून परत आणला होता. हर्निया शिवताना सर जुनी गाणी गुणगुणायचे. सूर यथातथाच, पण टाके असे पडायचे की मदतीला असलेली सिस्टर घरी जाऊन कौतुक करायची.

आता सर्जनलोकांचं एक ठरलेलं वाक्य असतं. आत कुठे हात अडला की मान वर न करता म्हणायचं, “पेशंट टाइट आहे.” म्हणजे काय, तर बाई, तुझं औषध कमी पडतंय, पोटाचे स्नायू सैल होत नाहीत, जरा अजून दे. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा पेशंट ओल्या टॉवेलासारखा लोळागोळा झालेला असतो आणि टाइट झालेला असतो तो सर्जन. अशा वेळी शहाणी भूलतज्ज्ञ वाद घालत नाही. रिकामी सिरिंज उचलते, परत ट्रेमध्ये ठेवते आणि म्हणते, “दिलं.” क्षणभरात पलीकडून समाधानाने आवाज येतो, “हां, आता बरं झालं.” भूलतज्ज्ञ चार ठिकाणच्या एकत्र जमल्या की हा किस्सा निघतोच आणि सगळ्या पोट धरून हसतात. किस्सा मात्र घरातल्या घरात ठेवायचा. बाहेर न्यायचा नाही.

सरांच्या तोंडून ते वाक्य एरवी कधी यायचं नाही. यायचं ते फक्त एकाच ऑपरेशनला. आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाशी, ओटीपोटाच्या तळाला कॅन्सरची गाठ असली की. ती जागा म्हणजे अरुंद बोळ. तिथे गाठ काढायची ती भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट, आवरण न फाडता. सरांकडे असं ऑपरेशन वर्षाकाठी एखादं यायचं, एखाद्या वर्षी तेही नाही. त्या दिवशी गाणं बंद. खांदे कानांपर्यंत चढलेले. “पेशंट टाइट आहे.” “दिलं.” थोड्या वेळाने पुन्हा, “अजून टाइट आहे गं.” “दिलं, सर.” अशी ती वरात संध्याकाळपर्यंत चालायची. पोस्टमास्तरांचं ऑपरेशन असंच झालं होतं. पुढे त्यांची गाठ त्याच जागी परत उगवली आणि ते गेले. कॅन्सरच वाईट, असं गाव म्हणालं. सरही तेच म्हणाले. तीही म्हणाली, कारण कॅन्सर वाईट असतोच, त्यात खोटं काय.

मग तशीच गाठ तिच्या थोरल्या जाऊबाईंना निघाली.

या जाऊबाई म्हणजे पाण्यातलं माणूस. नगरपालिकेच्या तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवायच्या. गावातली अर्धीअधिक पोरं त्यांनी पाण्यात ढकलून तयार केलेली. आवाज असा की तलावाच्या या टोकाला ओरडल्या तर त्या टोकाचं पोर दचकून हात मारायला लागायचं. धाकट्या जावेला त्या ‘भूलवाली’ म्हणायच्या, आणि हिला काही पोहता आलं नाही यावर वर्षानुवर्षं तोंडसुख घ्यायच्या. “अंग सैल सोड गं! पाणी काय तुला खातंय? उभ्या गावाला झोपवते आणि हिला स्वतःला म्हणून सैल सोडता येत नाही.” ही कठड्याला घट्ट धरून बसायची, दोघी हसायच्या. सासरी आल्यापासून या घरात तिला कुणी खऱ्या अर्थाने आपलं म्हटलं असेल तर ते या बाईने.

गाठ आकसावी म्हणून आधी रेडिएशन झालं. ते इथे होत नाही, त्यासाठी मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात जाऊन राहावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशनसाठी इथल्याच सर्जनना भेटा, ते फक्त हेच करतात. पण जाऊबाईंचे यजमान, म्हणजे हिचे भाऊजी, त्या परगावच्या खोलीला, रांगांना आणि अनोळखी चेहऱ्यांना विटून गेले होते. ते म्हणाले, “झाली तेवढी वणवण पुरे. आपल्या सरांसारखा माणूस घरात असताना परक्याच्या दारात कशाला जायचं?”

सर स्वतः घरी आले. सोफ्यावर मांडी घालून बसले, चहा घेतला, जाऊबाईंची थट्टा केली. मग गंभीर होऊन म्हणाले, “हे बघा, लपवाछपवी नको. गाठ फार खाली आहे. पुढे आतडं जोडायला जागा उरणार नाही. शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागेल.”

“किती दिवस?” जाऊबाईंनी विचारलं.

“कायमची. पण जीव वाचतो हो. सवय होते माणसाला.”

“पाण्यात उतरता येईल?”

“येतं. तिकडे परदेशात लोक पोहतात पिशवी लावून.”

“इथली पोरं बघतील ना मला,” जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांनी उगाचच उशीचा अभ्रा नीट केला.

भाऊजींनी भूलतज्ज्ञाकडे वळून विचारलं, “तू आत असतेस. तूच सांग. काय करावं?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ज्याला सरांनी वाचवलं तो नवराही. सरही बघत होते, अगदी निर्धास्त, कारण ती काय म्हणणार यात त्यांना काही शंकाच नव्हती. मोठ्या हॉस्पिटलातल्या त्या सर्जनला तिने पाहिलं होतं. शिकाऊ असताना काही महिने ती त्याच्या थिएटरात बसली होती. रुक्ष माणूस, गाणं नाही, गप्पा नाहीत, मटार सोलायला बसल्यासारखा. रोज तेच ऑपरेशन, रोज तोच अरुंद बोळ. त्याच्या तोंडून ‘पेशंट टाइट आहे’ हे तिने एकदाही ऐकलं नव्हतं. आणि इतक्याच खालच्या गाठी काढून आतडं परत जोडून दिलेलं तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं.

“सर चांगलेच आहेत,” ती म्हणाली.

यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि तरी तिची तिलाच शरम वाटली. भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. सर म्हणाले, “मी पोटाशी, ही डोक्याशी. घरचं माणूस घरच्यांच्या हातात. अजून काय पाहिजे?”

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर ती सरांच्या केबिनमध्ये गेली. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. खुर्चीत बसल्यावर त्यातलं एकही आठवेना.

“सर, तिकडचे ते सर्जन... ते फक्त हेच करतात.”

“माहीत आहे मला. रोज एकच भाजी करणारा आचारी.” सर हसले. “मीही केलीत गं ही ऑपरेशनं. तूच होतीस.”

“शेवटचं कधी केलं आपण?”

सरांनी आठवायचा प्रयत्न केला. “गेल्या साली ना? का त्याच्या आदल्या?” मग त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न नुसता प्रश्न नाही. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “तुला काय म्हणायचंय? मला जमणार नाही?”

“तसं नाही, सर.”

“मग कसं?”

आता बोलायची वेळ होती. समोर सरांचे हात टेबलावर पडले होते. जाड बोटं, नीट कापलेली नखं. या हातांनी तिच्या नवऱ्याच्या पोटातला पू उपसला होता, त्या रात्री तिचे स्वतःचे हात थरथरत होते म्हणून सरांनी दुसरी भूलतज्ज्ञ बोलावली होती आणि हिला बाहेर बाकावर बसवून पाणी पाजलं होतं.

“काही नाही. घरचं माणूस आहे म्हणून जीव घाबरतो.”

“मग भीतीला कशाला हवा देतेस,” सर पुन्हा मऊ झाले. “मला काय ती परकी आहे? माझ्या दोन्ही मुलींना तिनेच पोहायला शिकवलंय.”

माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. सर वाईट नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की माया आणि हातांचं यश यांच्या जोरावर तो अरुंद बोळही पार होईल. तळमळीने वाटत होतं, म्हणून तर ते हटत नव्हते. ती पाय ओढत घरी गेली.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात जाऊबाईंनी तिला तलावावर बोलावून घेतलं. शिकवणं बंद होतं, पण रोज संध्याकाळी त्या जाऊन काठावर बसायच्या आणि नव्या शिकवणाऱ्या मुलीच्या चुका काढायच्या. रेडिएशनने वाळल्या होत्या. पायांचे तळवे तेवढे पाण्यात बुडवलेले.

“घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात,” त्या म्हणाल्या. “जसं काही मी कानाने अधू झालेय. तू तरी काहीतरी हसायचं सांग. तुमच्या थिएटरातलं.”

हसवायचंच म्हणून, त्या वाळल्या चेहऱ्यावर जुनं हसू यावं म्हणून, तिने तो किस्सा सांगितला. सर्जन कसा म्हणतो पेशंट टाइट आहे, ही कशी रिकामी सिरिंज उचलते, कशी ‘दिलं’ म्हणते, आणि तो कसा लगेच सुखावतो. जाऊबाई खदखदून हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता पोटाला हात लावून म्हणाल्या, “अगं बाई! म्हणजे टाइट तोच!”

“तोच.”

“आमच्यातही असतंय की. पोर पाण्यात भांबावलं आणि शिकवणाऱ्याला ते धरता येईना, की तो काठावरून सांगतो, पोरगं फार टाइट आहे.” त्या अजून हसतच होत्या. मग हसू ओसरलं. पाण्यातले पाय हलायचे थांबले. “तुमचे सर म्हणतात असं?”

तिने हळूच मान डोलावली.

“कधी म्हणतात?”

हर्नियाला नाही म्हणत, एवढं तरी तिने सांगायला हवं होतं. पलीकडे नवी मुलगी एका लहानग्याला पाठीवर तरंगवत होती आणि तो तिच्या मानेला मिठी मारून सोडत नव्हता.

“माझ्यासारख्यांना म्हणतात,” जाऊबाईच म्हणाल्या. “आणि तिकडचा तो?”

“मी ऐकलं नाही कधी.”

“आणि पिशवी?”

“तिकडे कदाचित जोडता येईल. थोडे महिने पिशवी, मग काढतील. कदाचित, ताई. नक्की कुणीच सांगू शकत नाही.”

जाऊबाईंनी पाय पाण्यातून वर घेतले. भूलतज्ज्ञाला वाटलं, आता चिडतील, म्हणतील की दिवाणखान्यात तोंडाला कुलूप का लावलंस. त्या चिडल्या नाहीत. ओला हात तिच्या गुडघ्यावर ठेवून म्हणाल्या, “तुला किती जड गेलं असेल गं.” आणि मग हिला रडू फुटलं, तलावावरच्या पोरांदेखत.

जाऊबाईंनी निर्णय घेतला तो त्यांच्या पद्धतीने. नवऱ्याला सांगितलं, भूलवाली म्हणते तिकडे जास्त चांगलं होतं, मी तिकडे जाणार, वाद नको. आणि सरांना परस्पर निरोप पाठवणं बरं दिसत नाही म्हणून स्वतः उठून त्यांच्या ओपीडीत गेल्या. तिथे सरांचं मन दुखवू नये म्हणून थट्टेत म्हणाल्या, “डॉक्टर, मी जाते बाई तिकडेच. मी पडले टाइट पेशंट, तुम्हाला उगाच त्रास.”

त्यांना बिचारीला काय कल्पना. सरांच्या मात्र तिथल्या तिथे लक्षात आलं. ते वाक्य बाहेर कुठून जाऊ शकतं, याला दार एकच होतं.

सरांनी तिला थिएटरबाहेरच्या खोलीत गाठलं. नुकतीच दिवसाच्या ऑपरेशनांची यादी संपली होती, सिस्टर उपकरणं मोजत होती ती निघून जाईपर्यंत ते थांबले. टोपी डोक्यावर तशीच.

“कापडाच्या आतलं बाहेर नेलंस,” ते म्हणाले.

“सर, ती माझी जाऊ आहे.”

“हो ना. आणि पोस्टमास्तर कुणाचेच नव्हते?”

अशा बाजूने प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं.

“मला जमत नव्हतं, असं तुला वाटत होतं. तर मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं? तू समोर होतीस. मला आतून काय दिसतं सांगू? रक्त दिसतं आणि माझीच बोटं दिसतात. तुला सगळं दिसत होतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “परक्यांच्या वेळी मूग गिळून बसलीस, आणि घरचं माणूस आलं तेव्हा आठवलं.”

“तुम्ही ऐकलं असतं, सर?”

सरांनी खरंच विचार केला. “नसतं ऐकलं,” ते म्हणाले. आणि मग, दाराकडे वळता वळता, “एक सांग. ते ‘दिलं’ म्हणायचीस. दर वेळी द्यायचीस?”

खोटं बोलणं त्या क्षणी किती दयाळूपणाचं झालं असतं.

“नाही, सर.”

त्यांनी मान हलवली, टोपी काढली, तिची घडी घातली, आणि ते गेले. पुढचे काही आठवडे त्यांच्या यादीला दुसरी भूलतज्ज्ञ येत राहिली. हिला कुणी काही म्हटलं नाही. फक्त फोन वाजायचा थांबला.

मोठ्या हॉस्पिटलात, तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, ती थिएटरच्या दाराबाहेर बसली. दर वेळी दार उघडलं की भाऊजी उठून उभे राहायचे, आणि तिला कळलं की आपण इतकी वर्षं या लोकांना किती सहज ‘थांबा, वेळ लागेल’ असं सांगत आलो. शेवटी तो रुक्ष सर्जन बाहेर आला. पाण्याचा ग्लास मागावा तितक्या सपाट आवाजात म्हणाला, “गाठ आवरणासकट निघाली. आतडं जोडलंय. तात्पुरती पिशवी लावलीय, जोड भरून आला की काढू.” भाऊजींनी तिचे दोन्ही हात धरले.

चार दिवस सगळं छान होतं. मग ताप चढला. जोड एका बाजूने सुटला होता, आत पू साठला होता. जाऊबाईंना पुन्हा आत नेलं, तिथून अतिदक्षता विभागात. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, त्या कुणाला ओळखेनात. त्या बाहेरच्या जागेत भाऊजी तिच्या अंगावर आले.

“तू म्हणालीस म्हणून आलो इथे! चांगलं होईल म्हणालीस! आपल्या सरांनी जोडलंच नसतं, मग सुटलं तरी काय असतं?”

यावर तिच्याकडे उत्तर होतं आणि ते तिला देता येईना. शंभर माणसं घेतली तर या माणसाच्या हातून कमी वाया जातात, हे तिला पक्कं माहीत होतं. पण जाऊबाई म्हणजे शंभर माणसं नव्हत्या, एकच होत्या. ‘तिकडे जास्त चांगलं होतं’ एवढंच तिने सुचवलं होतं, आणि घराने ऐकलं होतं की तिकडे वाईट होतच नाही. नवरा तिची बाजू घ्यायची सोडून चहा आणायला म्हणून खाली गेला. तिने भिंतीला डोकं टेकलं आणि मनातल्या मनात जाऊबाईंना सांगत राहिली, अंग सैल सोडा, ताई, अंग सैल सोडा.

ताप उतरायला लागला त्या दिवशी सर आले. स्वतः गाडी चालवत, एवढ्या लांब. काचेच्या दारातून आत गेले आणि जाऊबाईंच्या पायांवर हात ठेवून उभे राहिले. जाऊबाईंनी डोळे उघडले, त्यांना ओळखलं, आणि सुकल्या ओठांनी पुटपुटल्या, “डॉक्टर... टाइट होते का हो मी?”

सर हसले नाहीत. बाहेर आल्यावर भूलतज्ज्ञासमोर थांबले. “काढलेल्या गाठीची तपासणी आली?”

“आली. कडा स्वच्छ आहेत. कुठेही काही राहिलेलं नाही.”

“आवरण?”

“अखंड.”

सर काचेतून आत बघत राहिले. पोस्टमास्तरांच्या गाठीचं आवरण दोन ठिकाणी फाटलं होतं, हे त्या दोघांखेरीज तिथे कुणाला माहीत नव्हतं. “बरं झालं,” ते म्हणाले, आणि भाऊजींशी दोन शब्द बोलून निघून गेले.

जाऊबाई घरी आल्या. पिशवी अजून आहे. जोड नीट भरला की काढू, असं तो सपाट आवाज सांगतो, कधी ते सांगत नाही. त्या तलावाच्या काठावर जाऊन बसतात, ढगळ सदरा घालून, आणि नव्या मुलीवर ओरडतात. आवाज पूर्वीसारखा पोचत नाही. पाण्यात उतरल्या नाहीत. भाऊजी भूलतज्ज्ञाशी बोलतात, पण कामापुरतं.

आणि मग एकदा सरांच्या रुग्णालयातून फोन आला. दुसऱ्या भूलतज्ज्ञाच्या घरी लग्न निघालं होतं, येशील का. ती गेली. पेशंट एक ट्रकचालक, दांडगा माणूस, जुनी शिवण उसवून पोटावर झालेला मोठा हर्निया. म्हणजे सरांचं अगदी हातखंडा काम. तिने भूल दिली, श्वासनलिकेत नळी घातली, कापड बांधलं. सरांनी मान डोलावली, सुरुवात केली.

गाणं मात्र सुरू होईना. तिने वाट बघितली. कातडी उघडली, थर सुटे झाले, आता गुणगुणतील, आता गुणगुणतील. नाही. सरांचे खांदे कानांपाशी चढले होते. हर्नियाला! हे तिने कधी पाहिलं नव्हतं. हात पुढे जायचा, थबकायचा, पुन्हा जायचा. हे आपण केलं, एवढं एकच तिच्या मनात आलं, आणि ती त्या खांद्यांकडे बघत राहिली.

“पेशंट टा...” सर म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य तसंच गिळलं.

सिस्टर गप्प. सगळं थिएटर गप्प. त्या शांततेत तिची नजर मशीनवर गेली. श्वासाच्या रेषेवर बारीक खाच पडत होती. औषध उतरलं होतं. ट्रकचालक खरोखरच पोट आवळत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं लक्ष पेशंटवर नव्हतं, सर्जनवर होतं.

तिने सिरिंज उचलली, भरलेली. सलाइनच्या नळीला लावली, सगळं औषध आत ढकललं, रेषा सपाट होते की नाही ते डोळे फाडून बघितलं. झाली.

“दिलं, सर.”

कापडाच्या पलीकडे हात थांबले. सरांनी डोकं वर काढलं. मास्कच्या वर नुसते डोळे, थकलेले, रागाचा मागमूस नसलेले.

“खरंच?” त्यांनी विचारलं.